मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर चालणारी गाडी

एक लिटर इंजिन ऑइल एक मायक्रॉन जाडीने पसरले तर ते १,००० चौरस मीटर जागा झाकेल. म्हणजे पाव एकर. मूल-सावलीकडच्या धानाच्या एका मोठ्या बांधीएवढी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इंजिनात क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये, स्फोटाचा जोर बसतो त्या क्षणी, धातूला धातूपासून वेगळे ठेवणारा तेलाचा थर साधारण एवढाच उरतो. कधी एक मायक्रॉन, कधी दोन-तीन. एवढ्या थरावर गाडी चालते, आणि थर टिकला तर वीस-पंचवीस वर्षे चालते.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत अशा गाड्या पुष्कळ आहेत. एमएच-३४ आणि एमएच-३३ क्रमांकाच्या मारुती ८००, ओम्नी, झेन, जुन्या सुमो, पहिल्या काही वर्षांतल्या बोलेरो. पंधरा वर्षांची नोंदणी संपली, तपासणी करून पुढच्या पाच वर्षांचे नूतनीकरण झाले आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौपट. त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरांच्या वर. अशा मुलखात जुनी गाडी म्हणजे हौस नव्हे. रात्री-बेरात्री दवाखाना गाठायचा, धानाची पोती न्यायची, लग्नाला माणसे पोचवायची, ती याच गाडीने. ती आलापल्लीच्या पुढे जंगलात बंद पडली तर मदतीला येणारे पुढचे वाहन कधी येईल याचा नेम नसतो.

म्हणून तिच्यात कोणते तेल घालायचे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. दुकानात तो दोनच शब्दांत विचारला जातो: जाड की पातळ? प्रत्यक्षात इंजिनात काय घडते याचे आकडे मांडले, की उत्तर वेगळ्याच दिशेला जाते.

एका किलोमीटरमध्ये काय घडते

मारुती ८०० घेऊ. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर वेगाला हे इंजिन मिनिटाला अंदाजे २,५०० फेरे घेते. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, तेव्हा हिशेब सोपा होतो.

त्या एका किलोमीटरमध्ये क्रँकशाफ्ट २,५०० वेळा फिरतो. तिन्ही सिलिंडर मिळून ३,७५० स्फोट होतात, सेकंदाला ६२. प्रत्येक पिस्टन एका फेऱ्यात एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे १४४ मिलिमीटर. किलोमीटरभरात एकेक पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला घासत ३६० मीटर धावतो. तिघांची बेरीज १,०८० मीटर. रस्त्यावर गाडी जेवढी धावते, त्याहून थोडे जास्तच तिच्या पोटातले पिस्टन मिळून धावतात.

दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीतला एकेक पिस्टन अशा रीतीने ७२,००० किलोमीटर घासला गेलेला असतो. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. पावणेदोन प्रदक्षिणा, त्याही सात-सात सेंटिमीटरांच्या येरझाऱ्यांनी, प्रत्येक टोकाला थांबून. हे थांबणे सेकंदाला ८३ वेळा होते, आणि पिस्टन थांबतो त्या क्षणी तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. वेग असेल तर तेल स्वतःच फटीत ओढले जाऊन भार उचलते. वेग शून्यावर आला की तो आधार जातो.

त्यावर भार किती? पूर्ण जोर लावल्यावर पेट्रोल इंजिनात स्फोटाचा दाब वातावरणाच्या ४० ते ५० पट होतो. ६८.५ मिलिमीटरच्या पिस्टनवर त्याचे ओझे दीड टनाच्या वर जाते. अख्खी मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे चढावर जोर लावला की एकेक स्फोट गाडीच्या दुपटीहून जास्त वजनाने पिस्टनला खाली ढकलतो. जुन्या बोलेरोच्या २,५२३ सीसी डिझेल इंजिनात सिलिंडर ८८.९ मिलिमीटरचा, धाव १०१.६ मिलिमीटरची आणि दाब वातावरणाच्या शंभरपट धरला तरी ओझे सहा टनांच्या घरात. हे सारे ओझे त्या एक-दोन मायक्रॉनच्या थरावर येते.

आणि तेल किती? मारुतीत ३ लिटरच्या आसपास. पंप तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवतो. सगळे तेल मिनिटाला तीनदा फिरते असे कमीत कमी धरले, तरी ताशी ४० च्या सरासरीने ५,००० किलोमीटरमध्ये त्याच्या २२,५०० फेऱ्या होतात. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये लहान गाडीत साधारण एक लिटरचे अंतर असते. तेल खालच्या खुणेवर असलेली मारुती म्हणजे एक तृतीयांश तेल गमावलेली मारुती. उरलेले दोन लिटर तीन लिटरांचे काम करते, दीडपट वेळा फिरते, लवकर तापते आणि लवकर संपते.

४८ अंशांचा हिशेब

मे २०१९ मध्ये चंद्रपूरला पारा ४८ अंशांपर्यंत गेला होता. ब्रह्मपुरीही दर उन्हाळ्यात राज्यातल्या सर्वांत तापणाऱ्या गावांत असते. याच भागात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. एकच डबा, एकच इंजिन आणि दोन टोकांचे ऋतू.

उन्हाळ्याचा खरा फटका रेडिएटरला बसतो. इंजिनातले पाणी ९३ अंशांवर आहे असे धरू. बाहेर १२ अंश असतील तर फरक ८१ अंशांचा. बाहेर ४७ असतील तर फरक ४६ अंशांवर येतो. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती याच फरकाच्या प्रमाणात. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी त्याची ताकद ४० टक्क्यांहून जास्त घटते. त्यात चार माणसे, वर सामान, पुढे लोहखनिजाचा ट्रक आणि आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. तेलाचे तापमान १०० वरून १२० कडे सरकायला एवढे पुरते.

हे वीस अंश थोडे वाटतात, पण तेल खराब होण्याची रासायनिक क्रिया दर १० अंशांना साधारण दुप्पट वेगाने होते. १०० वरून १२० वर गेल्यास वेग चौपट. ५,००० किलोमीटरचे तेल उन्हाळ्यातल्या कष्टाच्या गाडीत लवकर बदला असे पुस्तिका सांगतात, त्याच्या मुळाशी हा हिशेब आहे.

तापमानासोबत दाटपणाही बदलतो. दाटपणा सेंटिस्टोक या एककात मोजतात; २० अंशांवरच्या पाण्याचा दाटपणा सुमारे १. सर्वसाधारण २०डब्ल्यू-४० तेल हिवाळ्याच्या पहाटे, १० अंशांवर, ८०० च्या वर असते. ४० अंशांवर ते १२५ च्या आसपास येते, १०० अंशांवर १४-१५, आणि १२० अंशांवर जेमतेम ९. सकाळी स्टार्टर मारल्यापासून दुपारी सिरोंच्याला पोचेपर्यंत तेच तेल नव्वदपट पातळ झालेले असते.

डब्यावर लिहिलेले काय सांगते

एसएई ही अमेरिकी अभियंत्यांची संस्था १९११ पासून तेलांचे दाटपणानुसार वर्गीकरण करते आहे. डब्यावरचा २०डब्ल्यू-४० त्यातूनच आला. डब्ल्यू हा विंटरचा. २०डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांवर होते. ५डब्ल्यूची उणे ३० वर, शून्यडब्ल्यूची उणे ३५ वर. गडचिरोलीची कडाक्याची थंडी आणि २०डब्ल्यूची परीक्षा यांत वीस अंशांहून मोठे अंतर आहे. तेव्हा थंडीत इंजिन सुरू होण्याच्या बाबतीत २०डब्ल्यू इथे पुरून उरते. केवळ डब्ल्यूआधीचा आकडा लहान आहे म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही.

दुसरा आकडा मात्र आपल्या कामाचा. तो १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३; ५० म्हणजे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक. याशिवाय आणखी एक कठोर परीक्षा असते: १५० अंश तापमान आणि सेकंदाला दहा लाख इतक्या दराने ताण, कारण बेअरिंगच्या फटीत तेल असेच फाडले जाते. २०डब्ल्यू-४० ला तिथे किमान ३.७ गुण लागतात, ५डब्ल्यू-३० ला २.९ पुरतात. नव्या इंजिनांच्या फटी आणि पंप पातळ तेलासाठी आखलेले असतात. तिथे ते योग्यच आहे. मोठ्या फटींसाठी आखलेल्या जुन्या इंजिनात तेच तेल घालून ब्रह्मपुरीच्या दुपारी जोर लावणे योग्य नाही.

एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची अक्षरे दर्जा सांगतात. पेट्रोलसाठी एसने सुरू होणारी, डिझेलसाठी सीने. मारुती ८०० आली तेव्हा एसएफ हा दर्जा चालू होता. तिथून पुढे सरकत २०२० मध्ये एसपी आणि २०२५ मध्ये एसक्यू आला. डिझेलमध्ये सीआय-४ हा २००२ चा, सीके-४ हा २०१६ चा. जुन्या गाडीला जुनाच दर्जा हवा असे नाही. ग्रेड जुळत असेल तर पुढच्या अक्षराचे तेल बहुतेक वेळा जास्त स्वच्छ आणि जास्त टिकाऊ असते.

जाणकार इथे एक शंका काढतात: नव्या तेलात झिंक कमी असते ना? झीज थांबवणारे झिंक-फॉस्फरसचे रसायन १९४० च्या दशकापासून इंजिन ऑइलमध्ये घातले जाते. धातूवर ते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी पुटे चढवते, म्हणजे तेलाचा थर तुटला तर शेवटची ढाल तीच. धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो म्हणून त्यावर दहा लाखांत ८०० भागांची मर्यादा आली. पण ती ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० तिच्या बाहेर आहेत. जुन्या गाडीवाल्याने यासाठी वेगळी बाटली विकत घ्यायचे कारण नाही.

जाड तेलाचा मोह

गॅरेजात हमखास कानावर पडते: "भाऊ, गाडी जुनी झाली, आता जाडंच टाका. आवाज दबून जाते." आवाज दबतो हे खरे. झिजलेले इंजिन त्याने सावरते का, याचे उत्तर एका घनात आहे.

बेअरिंगच्या फटीतून कडेने निसटणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते. फट ४० मायक्रॉनची ६० झाली, म्हणजे दीडपट, तर गळती दीडच्या घनाइतकी, म्हणजे ३.४ पट होते. उलट बाजूला, ४० ऐवजी ५० ग्रेड घातले तर १०० अंशांवरचा दाटपणा १४-१५ वरून १८-१९ वर जातो. वाढ पाव पटीची. एकीकडे ३.४ पट नुकसान, दुसरीकडे सव्वापट भरपाई; शेवटी गळती अडीचपटींहून जास्तच राहते. वीस मायक्रॉनची झीज कुठल्याही डब्यातून भरून येत नाही.

याचा अर्थ ५० ग्रेड निरुपयोगी आहे असा नाही. १२० अंशांवर २०डब्ल्यू-४० जिथे ९ वर येते तिथे २०डब्ल्यू-५० साडेअकराच्या आसपास टिकते. लाख-दीड लाख किलोमीटर झालेल्या, उन्हाळ्यात तेल खाणाऱ्या गाडीला तो फरक नक्की उपयोगी पडतो. पण तापलेल्या इंजिनात संथ गतीवर ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर ते दुरुस्तीचे बोलावणे आहे. आणखी जाड तेलाने दिवा विझेल, फट तशीच राहील.

गिअरबॉक्समधला दाब

गिअर ऑइलच्या डब्यावर ८०डब्ल्यू-९० वाचले की हे इंजिन ऑइलच्या दुप्पट दाट असणार असे वाटते. तसे नाही. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. तिथले ९० म्हणजे १०० अंशांवर १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, म्हणजे जवळपास इंजिन ऑइलच्या ४० आणि ५० एवढेच.

वेगळी असते ती रसायने, कारण तिथला दाब वेगळा असतो. गिअरचा दात दुसऱ्या दाताला टेकतो तो एका अरुंद रेषेवर, आणि त्या रेषेवर दाब वातावरणाच्या १०,००० पटींपर्यंत किंवा त्याहून वर जातो. जगातला सर्वांत खोल समुद्र म्हणजे मरियाना गर्ता. तिच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर पाण्याखाली, हा आकडा ११०० च्या आसपास आहे. दातांमधले तेल त्याच्या नऊपट दाब सोसते, आणि त्या क्षणभरात इतके घट्ट होते की घन पदार्थासारखे वागते. म्हणूनच मायक्रॉनहूनही पातळ थर तिथे टिकतो.

गिअर ऑइलच्या जीएल-४ आणि जीएल-५ या दर्जांतला फरक इथे कळतो. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा साधारण दुप्पट असते. बोलेरो-सुमोच्या मागच्या अॅक्सलमध्ये दात एकमेकांवर दाबतही जातात आणि घसरतही जातात. तिथे जीएल-५ लागतेच. पण गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना गती जुळवणाऱ्या पितळी रिंगा असतात. जास्तीचे गंधक पितळेला खाऊ शकते, आणि फार निसरडे तेल त्या रिंगांना पकड घेऊ देत नाही. मग गिअर टाकताना करकर सुरू होते. मारुती ८०० मध्ये गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांचे डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात असतात आणि दात साध्या तिरप्या कापाचे असतात. तिला जीएल-४ पुरते. "पाच मोठे म्हणजे पाच चांगले" हा हिशेब इथे चालत नाही.

पॉवर स्टीअरिंगचे आणि ऑटोमॅटिक गिअरचे लाल तेल तर आणखी वेगळे. त्याचा दाटपणा १०० अंशांवर सातच्या आसपास, इंजिन ऑइलच्या निम्मा. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या चकत्या त्याच तेलात बुडून पकड घेतात, म्हणून पुस्तिकेत लिहिलेल्या नावाचेच तेल घ्यावे. अंदाज तिथे महाग पडतो.

धूळ आणि पाणी

एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०,००० किलोमीटरमध्ये जवळपास ६६ लाख लिटर हवा ओढते. सुरजागडच्या खनिजाचे आणि घुग्घुस-वणीकडच्या कोळशाचे ट्रक धावतात त्या रस्त्यांवरची हवा डोळ्यांपुढे आणा. घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ धरू, म्हणजे देशाच्या दैनंदिन मर्यादेच्या दहापट. ट्रकच्या मागे हे सहज होते. त्या १०,००० किलोमीटरमध्ये साडेसहा ग्रॅम धूळ एअर फिल्टरपाशी येते. चांगला फिल्टर ९९ टक्के अडवतो. उरलेला एक टक्का दहा मायक्रॉनच्या कणांचा मानला, तर तेही सुमारे ५ कोटी कण होतात. फिल्टर फाटका असेल किंवा नीट बसलेला नसेल, तर ५०० कोटींच्या दिशेने.

दहा मायक्रॉनचा वाळूचा कण एक-दोन मायक्रॉनच्या तेलथरातून जाणार कसा? धातू खरवडतच जाणार. साधा ऑइल फिल्टर २०-३० मायक्रॉनच्या वरचे कण चांगले अडवतो. त्याहून बारीक पुष्कळसे निसटतात आणि पुढच्या ऑइल बदलीपर्यंत फिरत राहतात. महागड्या तेलाच्या डब्याआधी दर पाच हजारांना एअर फिल्टर उघडून पाहणे जास्त मोलाचे, ते याचसाठी.

पाण्याचाही आकडा आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ होऊन धुराड्यातून जाते, थोडे रिंगांशेजारून तेलात उतरते. गाडी फक्त घर ते बाजार चालत असेल तर तेल कधी पुरेसे तापतच नाही आणि ते पाणी आतच राहते. पावसाळ्यात दुसरी वाट: तापलेला अॅक्सल नाल्याच्या पाण्यात बुडाला, की ८० अंशांची आतली हवा २८ अंशांवर येताना १५ टक्के आकसते आणि हवेच्या नळीतून पाणी आत ओढते. पर्लकोटा नदीच्या मुलखात पूर असताना गाडी घालूच नये. पण घोटाभर पाण्याच्या नाल्यांतून जाणे होतेच. तेव्हा पावसाळा संपला की अॅक्सल आणि गिअरबॉक्सचे बूच सैल करून थेंब पाहावा. दुधाळ दिसला तर तेल त्याच दिवशी बदलावे.

मग डबा कोणता

आपल्या गाडीची पुस्तिका सर्वांत आधी. तिच्यात तापमानाची पट्टी असेल तर चंद्रपूर-गडचिरोलीने उष्ण टोक धरावे. जुन्या मारुतीसारख्या पेट्रोल गाडीला २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०. फार चाललेली आणि तेल खाणारी असेल तर २०डब्ल्यू-५०, त्यापुढे नाही. जुन्या डिझेलला १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, दर्जा सीआय-४ किंवा पुढचा. गिअरबॉक्सला जीएल-४, मागच्या अॅक्सलला जीएल-५. डिझेलचे तेल आठवड्यात काळे झाले म्हणून घाबरू नये. काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. डबा सीलबंद घ्यावा, बिल घ्यावे, रिकामा डबा फोडून टाकावा म्हणजे त्यात कुणी बनावट तेल भरणार नाही. आणि लांबच्या प्रवासाआधी, इंजिन थंड असताना, सपाट जागी डिपस्टिक पाहावी. ब्रँड कोणता या प्रश्नापेक्षा हे एक मिनिट जास्त मोलाचे आहे.

शेवटची विनंती काढलेल्या तेलाबद्दल. आपल्याकडे काळे ऑइल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, नाहीतर गॅरेजामागच्या नालीत ओततात. हीच नाली पुढे मामा (माजी मालगुजारी) तलावाला किंवा नदीला मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा ठोकताळा आहे की वापरलेले तेल आपल्या दहा लाखपट गोडे पाणी नासवू शकते. मारुतीतले ३ लिटर म्हणजे ३० लाख लिटर पाणी. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरांच्या मापाने हे ५४ हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे, आणि २०११ च्या जनगणनेत गडचिरोली शहराची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपासच होती. वापरलेले तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. तेव्हा काढलेले तेल झाकणाच्या डब्यात भरा आणि अधिकृत संकलकाला देणाऱ्या गॅरेजाकडेच सोपवा.